बरगडीला प्लास्टर नसतं

आधी माफी मागून ठेवतो. हाडांविषयी लिहायचा अधिकार डॉक्टरांचा, आणि मुळात लिहायचा अधिकार ज्यांना लिहिता येतं त्यांचा. मी दोन्हींत बसत नाही. नाशिकमधल्या एका हाडांच्या दवाखान्यात मी बरीच वर्षं एक्स-रे काढले, एवढंच. संपादकांनी लेख मागितला तेव्हा मला वाटलं, त्यांना माझ्याच नावाच्या दुसऱ्या कोणाला विचारायचं असेल. तशी खात्री करून घेतली आणि मग लिहायला बसलो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील मखमलाबादच्या बाजूला गुलाब आणि झेंडू लावायचे, आई फुलांच्या पाट्या घेऊन बाजारात बसायची. लिहिलेलं तपासून देणारं घरात तेव्हा कोणी नव्हतं, आजही नाही. चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

नोकरी लागली तेव्हा वडिलांनी विचारलं, नक्की करतोस काय? मी सांगितलं, माणसाच्या आतल्या हाडांचे फोटो काढतो आणि अंधाऱ्या खोलीत धुतो. त्या वेळी फिल्म हातानं धुवायची असायची. एका टाकीत बुडवायची, पाण्यात खंगाळायची, दुसऱ्या टाकीत बुडवायची आणि फोटोच्या क्लिपला लटकवून वाळवायची. वडील ऐकत राहिले. मग माझ्याशी न बोलता आईला म्हणाले, "सरळ काम असतं तर त्याला अंधार कशाला लागला असता?"

तो संशय त्यांच्या मनातून कधी पुरता गेला नाही. मला त्याचं वाईट वाटायचं. पण पुढं माझ्या लक्षात आलं की माझ्या टेबलावर झोपणाऱ्या माणसांकडे जग ज्या नजरेनं बघतं, त्यापुढं वडिलांची नजर काहीच नव्हती. त्यातही सगळ्यात जास्त संशय वाट्याला येतो तो बरगडीच्या रुग्णाच्या.

हे थोडं समजावून सांगायला हवं. हात मोडला की हात वाकडा दिसतो, एक्स-रेत दोन तुकडे दिसतात, प्लास्टर होतं, त्यावर शेजारची पोरं नावं लिहितात. सगळ्या गल्लीला कळतं. बरगडीचं तसं नाही. बरगडी मोडणं ही फार साधी गोष्ट आहे. मोरीत पाय घसरून कठड्यावर आपटलं, मोटारसायकल आडवी झाली, सुरगाण्याच्या घाटात जीपच्या मागच्या दांडीवर लोंबकळताना कोणी वरून रेटलं, की मोडली. म्हाताऱ्या माणसाची तर नुसत्या खोकल्यानंही मोडते. आमच्याकडे असा रुग्ण नाही, असा आठवडा जात नसे. पण चीर केसासारखी असते, बरगड्या गोल वळून एकमेकींवर येतात, वर हृदयाची सावली पडते, आणि पहिल्या फोटोत पुष्कळदा काहीच दिसत नाही. दोन-तीन आठवड्यांनी शरीर त्या चिरेभोवती नव्या हाडाची गाठ बांधतं. ती गाठ पांढरी दिसते. म्हणजे बरगडी मोडली होती हे कधीकधी ती जुळायला लागल्यावरच कळतं. तोपर्यंत रुग्णाचा शब्द, आणि समोरच्याची त्याच्यावर विश्वास ठेवायची तयारी.

शिवाय बरगडीला प्लास्टर नसतं. छाती हलली नाही तर श्वास कसा घेणार? गोळ्या, आराम, खोकताना उशी छातीशी धरणं, आणि दुखलं तरी दिवसातून पुन्हापुन्हा मुद्दाम खोल श्वास घेणं, हाच उपाय. महिना-दीड महिन्यात बहुतेक माणसं कामाला लागतात. काहींना त्या कुशीवर झोपलं की पुढं कित्येक महिने कळ येते. धोका हाडाचा नसतो, श्वासाचा असतो. दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, खोकला दाबतो, कफ साठतो आणि फुफ्फुसात न्यूमोनिया होतो.

सुरगाण्याकडचे एक आजोबा मला आठवतात. घरच्यांनी मायेपोटी त्यांची छाती धोतराच्या पट्टीनं अशी आवळून घेतली होती की ती सोडवायला मला कात्री घ्यावी लागली. नातू सांगत होता, गावच्या हाडवैद्यानं बांधली, आता हाड हलणार नाही. हाड हललं नव्हतं, पण श्वासही हलला नव्हता. आजोबांना ताप होता आणि ओठ निळे पडले होते. डॉक्टरांनी त्यांना मोठ्या दवाखान्यात पाठवलं. त्यांचं पुढं काय झालं, मला कळलं नाही. आमच्या कामात हेच होतं. फोटो काढेपर्यंत माणूस आपला, नंतर कोणाचा कोण. परत आला नाही तर बरा झाला की गेला, आम्हाला कोण सांगणार?

संशयाच्या गोष्टी सांगायच्या तर पुष्कळ आहेत. सातपूरच्या एका कारखान्यातले सुपरवायझर फोनवर विचारायचे, "खरं सांगा, मोडलीय का नाटक?" एका शिक्षकांना त्यांच्या बायकोनं माझ्यासमोर सुनावलं होतं, "शाळा सुरू झाली की बरी तुमची बरगडी दुखते." मीही काही वेगळा नव्हतो. काही वर्षांनी टेबलावर झोपताना कण्हणारा आणि शर्टाची बटणं सहज लावणारा माणूस आपोआप डोळ्यांत खुपायला लागतो.

पण मला सांगायची आहे ती कल्पनाची गोष्ट.

रंगपंचमी होऊन गेली होती. नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे त्या दिवशी जुन्या नाशकात रहाडी उघडतात. रहाड म्हणजे जमिनीतला दगडी हौद. वर्षभर तो बंद असतो, त्या दिवशी रंगाच्या पाण्यानं भरतात आणि लोक त्यात धप्पा मारतात. वरून एक उडी मारतो तेव्हा खाली दुसरा असतो. त्यामुळे दुसऱ्या दिवशी आमच्या बाकावर गुलाबी-पिवळ्या कानांची पोरं छाती धरून बसलेली असायची. त्या पोरांमध्ये त्या दिवशी एक बाई भिंतीला टेकून उभी होती. बसता येत नव्हतं. शेजारी नवरा.

नामपूरजवळच्या एका वस्तीवरून ते आले होते. नवऱ्याचं नाव सुनील. उन्हाळ कांद्याची काढणी चालू होती. कल्पना कांद्याची पाटी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढत होती, पाय सरकला आणि ट्रॉलीच्या फाळक्याच्या, म्हणजे बाजूच्या पत्र्याच्या, कडेवर उजवी कूस आपटली. असं सुनीलनं सांगितलं. मी विचारत होतो तिला, सांगत होता तो. कुठं दुखतं? त्यानं बोट ठेवलं. श्वास घेताना? तो म्हणाला, जास्त. ती खाली बघत होती.

असा नवरा दिसला की आमच्या मनात एकच विचार येतो. मी आत जाऊन डॉक्टरांच्या कानावर घातलं. त्यांनी सुनीलला औषधं आणायच्या निमित्तानं बाहेर पाठवलं आणि तिला विचारलं, बाई, कोणी मारलं का? ती म्हणाली, नाही, पडले. पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "पडलेच. पण घरी कोणाला पटत नाय." आणि मग हळूहळू सांगितलं. पडताना कोणी पाहिलं नव्हतं. सासू म्हणत होती, ऐन कांद्यात अंग चोरते. मागच्या वर्षी ती बाळंतपणानंतर माहेरी थोडी जास्त राहिली होती, तेव्हापासून कामचुकार हा शिक्का बसला होता. पडल्याच्या दुसऱ्या दिवशीही तिला शेतात नेलं. पाटी उचलताना तिला श्वास लागला आणि ती तिथंच खाली बसली. सासूनं सांगितलं होतं, नाशिकला जा, फोटो काढा. मोडलेलं निघालं तर खाटेवर बस. नाही निघालं तर माहेरी जाऊन बस, परत येऊ नको.

मी तिरपा धरून, सरळ धरून, दोन-तीन फोटो काढले. ओली फिल्म उजेडासमोर धरली. डॉक्टरांनी पाहिली, मी पाहिली. काही नाही.

डॉक्टरांनी बोटानं दाबून पाहिलं तेव्हा ती ज्या जागी कळवळली, ती जागा प्रत्येक वेळी तीच होती. डॉक्टर म्हणाले, मोडलीय, दोन तरी मोडल्यात, पण आज दिसणार नाहीत. तीन आठवड्यांनी या. तोवर ओझं अजिबात नाही. त्यांनी तसं लिहूनही दिलं.

मी पुढच्या पोराला टेबलावर घेत होतो तेवढ्यात सुनील दाराशी आला आणि मला जिन्याखाली चलायला म्हणाला. माझी खात्रीच झाली. आता हा खिशात हात घालणार आणि सांगणार की मारहाणीचं काही लिहू नका. मी उत्तर तयार ठेवून गेलो.

तो म्हणाला, "भाऊ, तिच्या हाताला प्लास्टर करून द्या."

मी म्हटलं, हाताला काय झालंय?

"हाताला काय नाय. पण कागद आईला वाचता येत नाय, आणि वाचून दाखवला तर म्हणेल बायकोनं शिकवला. बरगडी मोडली म्हणून सांगितलं तर म्हणेल, प्लास्टर कुठंय? गावात सगळे तेच म्हणतील. हाताला केलं तरी चालेल. पांढरं दिसलं पाहिजे."

मी आत गेलो. डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी साफ नकार दिला. चांगला हात बांधून आखडवायचा, तोही खोटं बोलायला? उलट त्यांनी सुनीलला समोर बसवून झापलं, की आईशी बोलायची हिंमत नाही आणि आम्हाला खोटं करायला सांगतोस. तो मान खाली घालून ऐकत होता. तो गेल्यावर मी म्हटलं, सर, मारणारा असता तर प्लास्टर कशाला मागितलं असतं? डॉक्टर म्हणाले, "मारून झाल्यावर दया येणारे कमी असतात का?" त्यांचंही खोटं नव्हतं. मला मात्र ती बाई फळीवर पुन्हा पाटी घेऊन चढताना दिसत होती, आणि सुरगाण्याचे ते आजोबा दिसत होते.

तीन आठवड्यांनी ते आले. मला वाटलं नव्हतं येतील. या वेळी तिघं होते. सुनील, कल्पना आणि मागून डोक्यावरचा पदर दाताखाली धरून आलेली सासू, गयाबाई. आणि कल्पनाच्या उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टर होतं.

असं प्लास्टर मी आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. दवाखान्यातलं प्लास्टर पट्टीचं असतं, त्याला गुळगुळीत वळसे असतात. हे जाड, ओबडधोबड होतं आणि कडेनं नारळाचा काथ्या बाहेर आला होता. कोपरापाशी सोनेरी रंगाचं एक बोट उमटलं होतं. मी सुनीलकडे पाहिलं. त्यानं वर पंख्याकडे पाहिलं. नंतर कळलं, त्याचा सोमनाथ नावाचा एक दोस्त गणपतीच्या मूर्ती करायचा. उन्हाळ्यातच त्यांचं काम सुरू होतं. मूर्तीच्या आत बळकटीसाठी प्लास्टरमध्ये काथ्या भिजवून घालतात, तसाच त्यानं कल्पनाच्या हातावर घातला होता. आतून सुनीलचं जुनं बनियन गुंडाळलेलं.

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. पण आधी त्यांनी तिची बोटं दाबून पाहिली, हलव म्हणाले, नखांचा रंग पाहिला. बोटं ठीक होती. कल्पनाच्या चेहऱ्यावरही रया आली होती. तीन आठवडे ती खाटेवर होती. आमच्या कागदानं जे झालं नसतं, ते काथ्यानं केलं होतं. डॉक्टर काही बोलणार तेवढ्यात गयाबाई पुढं झाल्या.

"हात मोडेल शे, तर छातीना फोटो कशाले?"

म्हातारी कशासाठी आली होती ते आता उघड झालं. तिला पहिल्या दिवसापासून संशय होता.

डॉक्टर मला म्हणाले, फोटो काढ. मी काढला. फिल्म धुवायला घेतली. पहिल्या फोटोत काही नव्हतं. याही फोटोत काही निघालं नाही, तर या बाईला माहेरचा रस्ता होता. पाण्यातून काढून लाल दिव्यासमोर धरली. सातव्या आणि आठव्या बरगडीवर दोन गाठी, हरभऱ्यासारख्या, स्वच्छ.

फिल्म दिव्याच्या पेटीवर लावली. गयाबाई अगदी नाक टेकवून उभ्या राहिल्या. "मले दखाडा. मोडेल कथा शे?" मी बोट ठेवलं. इथं, आणि इथं. हाड मोडलं की जुळताना अशी गाठ येते. त्यांनी बराच वेळ पाहिलं. माझ्याकडेही पाहिलं, वडील पाहायचे तसंच.

मग म्हणाल्या, "अशा गाठी सगळासना आंगमा ऱ्हातस. मना फोटो काढा. मंग समजी."

मी डॉक्टरांकडे पाहिलं. मला वाटलं हाकलतील. पण बोलता बोलता त्या दोनदा खोकल्या होत्या आणि डॉक्टरांचं तिकडे लक्ष होतं. त्यांनी छाती तपासली आणि म्हणाले, काढ, नाहीतरी काढायलाच हवा.

गयाबाईंना टेबल नको होतं, म्हणून स्टँडसमोर उभं केलं. श्वास घ्या म्हटलं, त्यांनी घेतला. धरून ठेवा म्हटलं, तर सोडा म्हणेपर्यंत त्यांनी अगदी शिस्तीत धरला. फिल्म धुतली. बाहेर आणून सुनेच्या फिल्मशेजारी लावली.

डाव्या बाजूला तीन बरगड्यांवर गाठी होत्या. सुनेच्या हरभऱ्याएवढ्या होत्या, या चांगल्या सुपारीएवढ्या. एक बरगडी तर वाकडीच जुळली होती. फार जुनं होतं सगळं.

गयाबाईंना ते आमच्या आधी दिसलं. त्यांचा चेहरा उजळला. त्या मुलाकडे वळल्या. "दख. मनाबी तशाच शेतस. मी कधी खाट धरी का?"

त्यांना वाटलं, त्या जिंकल्या. कल्पनानं डोळे मिटून घेतले. खरं काय ते डॉक्टरांनी सांगायला हवं होतं, पण ते फिल्मकडेच बघत राहिले. म्हणून मी बोललो. माझ्या बोलण्याला धार नव्हती.

"आजी, सगळ्यांना नसतात अशा गाठी. तुमच्या बरगड्या मोडल्या होत्या. तीन."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग फिल्मकडे. उजव्या हाताचं बोट त्यांनी पेटीवर ठेवलं, नेमकं गाठीवर, आणि डावा हात पदराखालून आपल्या कुशीवर नेला. दोन्ही हातांनी त्या ती एकच जागा चाचपत होत्या.

"कधी लागलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

बैलानं मारलं होतं, असं त्यांनी सांगितलं. सुनील तेव्हा पोटात होता. घरात म्हणाले होते, उसण भरलीय, शेक घे. दुसऱ्या दिवशी मिरच्यांची खुरपणी होती, ती केली. श्वास घेता यायचा नाही म्हणून ओळीत मागं पडायची, तर सासू बांधावरून शिव्या द्यायची. त्या हे इतक्या साधेपणानं सांगत होत्या, जणू कालची भाजी सांगताहेत. बैलाचं मला तेव्हा पटलं नाही. आजही पटत नाही. तीन बरगड्या, एका रांगेत, पाठीकडून. पण जुन्या गाठीचं वय सांगता येत नाही आणि कारण तर नाहीच नाही.

मग डॉक्टरांनी प्लास्टर कापायची करवत मागवली. हातात काही मोडलेलं नाही हे आता लपवण्यात अर्थ नव्हता, आणि त्यांना तो काथ्या डोळ्यांसमोर नको होता. कल्पनानं हात पुढं केला. करवत सुरू झाली, तेवढ्यात गयाबाईंनी सुनेच्या हातावर आपला हात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या ते," त्या म्हणाल्या. "कांदा चाळमा जाऊ द्या." काढणी संपून कांदा साठवणीच्या चाळीत पडेपर्यंत, असं त्यांचं म्हणणं.

डॉक्टर म्हणाले, आजी, हात चांगला आहे तिचा.

"मले माहीत शे. गावले नही."

करवत बंद झाली. डॉक्टरांनी थोडा विचार केला, मग स्वतः खाली बसून कडेचा काथ्या कात्रीनं कापला, आत कापूस सरकवला, आणि बोटं सुजली तर लगेच काढायचं असं तिघांनाही बजावलं. गयाबाईंना खोकल्याचं औषध दिलं. जाताना त्यांनी आपली फिल्म मागितली. घडी घालायला लागल्या, तेव्हा मी पाकिटात घालून दिली.

त्यानंतर ते आले नाहीत. कल्पनाच्या बरगड्या नीट जुळल्या का, तो खोकला कशाचा होता, घरी गेल्यावर म्हातारीचं मन पुन्हा फिरलं का, मला कळायला मार्ग नव्हता. खरं सांगायचं तर म्हातारीवर माझा पुरता विश्वास बसला नव्हता. दवाखान्यात माणसं मऊ होतात, घरी गेली की घट्ट. नामपूरचं कोणी बाकावर दिसलं की मी विचारायचो. कोणाला माहीत नसायचं.

पुढं दवाखान्यात संगणकावर फोटो दिसायला लागले. अंधारी खोली मोडली, तिथं जुन्या फायली ठेवायला लागलो. वडील तोवर नव्हते. असते तर बरं वाटलं असतं त्यांना. अशातच एके दिवशी छाती धरून एक माणूस आला. टेम्पोतून मोठी मूर्ती उतरवताना खाली सापडला होता. नखांत सोनेरी रंग होता. नाव सोमनाथ, गाव नामपूरजवळ. मी त्याला लगेच टेबलावर घेतलंच नाही. आधी विचारलं, काथ्याचं प्लास्टर तूच घातलं होतंस का?

तो हसला आणि कळ आली म्हणून लगेच थांबला. म्हणाला, कल्पनावहिनी एकदम बरी आहे, माझ्यापेक्षा जास्त ओझं उचलते. ट्रॉलीला आता फळी नाही, सुनीलनं लोखंडी पायऱ्या करून घेतल्या. आणि म्हातारी गेली, मागच्या थंडीत, छातीच्याच दुखण्यानं.

मग जरा थांबून म्हणाला, "साहेब, तिनं जायच्या आधीच्या उन्हाळ्यात मला बोलावून घेतलं. कांद्याची काढणी चालू होती. म्हणाली, प्लास्टर घेऊन ये. मला वाटलं वहिनीलाच पुन्हा काही झालं. तर म्हातारीनं स्वतःचा हात पुढं केला. मी म्हटलं, मावशी, काय मोडलं? म्हणाली, तू घाल. घातलं. कांदा चाळीत पडेपर्यंत ओट्यावर बसून होती, कोणी कामाला हात लाव म्हटलं की हात वर करून दाखवायची."